शेवट कुणी ऐकू नये अशी गोष्ट

माझी पहिली निजेची गोष्ट सपशेल फसली. ताईने सांगितलं होतं, "रोज रात्री तीन-तीन गोष्टी सांगून घसा बसतो गं, तू काहीतरी रेकॉर्ड करून दे." मी हौसेने बसले. वाघाला घोगरा आवाज, माकडाला किनरा, मध्येच ढगांचा गडगडाट आणि ऐन मोक्याच्या जागी तीन सेकंद चिडीचूप. रात्री पावणेदहाला ताईचा फोन आला. पाच वर्षांची भाची पलंगावर उभी राहून वाघ झाली होती आणि "पुढे काय झालं?" म्हणून आईला पाठ टेकू देत नव्हती.

गोष्ट वाईट नव्हती. ऐकणाऱ्याला धरून ठेवायच्या जेवढ्या युक्त्या मला ठाऊक होत्या, तेवढ्या सगळ्या तिच्यात होत्या, आणि निजेच्या गोष्टीला त्याच चालत नाहीत. तिथे ऐकणाऱ्याला सोडायचं असतं, हळूहळू, त्याला पत्ता लागू न देता. लहान मुलांसाठी निजेच्या वेळचा पॉडकास्ट करायचा तर लिहिणं, बोलणं, रेकॉर्डिंग, आवाजाची पातळी, प्रसारण अशी बरीच कामं येतात. ॲप आणि यंत्रं हा त्यातला सोपा भाग. अवघड आहे तो हा सोडण्याचा.

झोप येते कुठून

गोष्ट मुलाला झोपवते असं आपण म्हणतो खरं, पण झोप शरीर स्वतःच आणतं. अलेक्झांडर बोर्बेली या संशोधकाने १९८२ मध्ये मांडलेली कल्पना आजही वापरली जाते. झोपेमागे दोन वेगवेगळ्या हालचाली असतात. एक म्हणजे झोपेचा दाब. आपण जितका वेळ जागे, तितका तो वाढत जातो. मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि डोळे जड होतात. दुसरं म्हणजे अंगातलं घड्याळ. अंधार पडला की ते मेलाटोनिन हे संप्रेरक सोडायला लावतं आणि शरीराला सांगतं, रात्र झाली. दोन्ही जुळून आलं की झोप लागते. मूल दुपारी साडेचार ते सहा झोपलं असेल, तर रात्री साडेआठला जगातली कुठलीही गोष्ट त्याला झोपवणार नाही, कारण दाबच तयार झालेला नाही. पॉडकास्ट करणाऱ्याने एवढं समजून घेतलं की स्वतःवरचं बरंच ओझं उतरतं. आपलं काम फक्त वाटेतले धोंडे उचलण्याचं. प्रकाश, धांदल, भीती आणि "अजून काहीतरी मजा बाकी आहे" ही शंका, हे ते धोंडे.

यातला प्रकाशाचा धोंडा फार मोठा आहे. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. झोपेच्या वेळेआधी तासभर मुलांना प्रखर प्रकाशात खेळायला बसवलं, तर त्यांचं मेलाटोनिन सरासरी ८८ टक्क्यांच्या आसपास खाली आलं, आणि प्रकाश काढून घेतल्यावरही ते लगेच सावरलं नाही. लहान मुलांच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या आणि नेत्रभिंगं अगदी स्वच्छ असतात, त्यामुळे आपल्यापेक्षा जास्त प्रकाश आत शिरतो. प्रयोगातला दिवा मोबाइलच्या पडद्यापेक्षा खूपच प्रखर होता, हे मान्य. तरी निजेच्या गोष्टीला चित्रं जोडू नयेत हे ठरवायला मला तेवढं पुरलं. फोन पालथा ठेवायचा आणि फक्त ऐकायचं. ऑडिओचा मोठेपणा इथेच आहे. डोळ्यांना काम राहत नाही, म्हणून ते मिटतात.

दुसरा आधार नित्यक्रमाचा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४०५ आया आणि त्यांची सात महिने ते तीन वर्षांची बाळं होती. त्यातल्या काहींनी दोन आठवडे रोज रात्री एकच क्रम पाळला: अंघोळ, अंगाला तेल किंवा लोशन, मग अंगाई किंवा कुशीत घेण्यासारखं काहीतरी शांत, आणि अर्ध्या तासात दिवा बंद. त्या मुलांना झोप लवकर लागू लागली, रात्रीचं जागणं कमी झालं आणि आयांचाही मूड सुधारला. आपल्या आज्यांना हे सांगायला अभ्यास लागला नव्हता, पण पॉडकास्टचं स्थान त्यातून कळतं. तो या माळेतला शेवटचा मणी. रोज त्याच जागी, त्याच वेळी. म्हणून दर भागाची सुरुवात शब्दशः तीच हवी, तेच सूर, तीच दोन वाक्यं. "आटपाट नगर होतं" म्हटल्याबरोबर कान टवकारण्याऐवजी सैल पडतात, कारण पुढे काय येणार ते त्यांना माहीत असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून २४ तासांत १० ते १३ तास झोप हवी. मुलांची झोप पुरी होत नाही या कारणावरून महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. घड्याळाची सकाळची बाजू थोडी सैल झाली. रात्रीची बाजू मात्र घरातच सांभाळावी लागते, आणि आपल्याकडे बाबाच आठला घरी येतात.

मुक्कामी गाडी

आता गोष्टीकडे. नेहमीच्या गोष्टीचा आकार डोंगरासारखा असतो. चढ, शिखर, उतार. निजेच्या गोष्टीला शिखर नको. ती अगदी सुरुवातीलाच थोडी वर असते आणि तिथून उतरतच जाते. पहिल्या दोन मिनिटांत मूल गोष्टीत शिरायला हवं, नाहीतर ते उशीच्या खोळीची चेन उघड-बंद करत बसेल. एकदा शिरलं की पुढे काहीच घडता कामा नये. म्हणजे घडायला हवं, पण चिंता लागेल असं काही नको.

वाघ फसल्यावर मी जी गोष्ट केली तिचं नाव "मुक्कामी गाडी". तालुक्याच्या गावाहून रात्रीची शेवटची एसटी निघते, वाटेत एकेक थांबा घेते आणि शेवटच्या गावात मुक्कामाला थांबते. बस्स. त्यातला एक तुकडा असा:

"गाडीत आता चार माणसं उरली. बाहेर अंधार. गाडी चालली. घुर्र, घुर्र, घुर्र. वडाचा फाटा आला. टोपीवाले आजोबा उतरले. कंडक्टर म्हणाला, सावकाश. टिंग टिंग. गाडी निघाली. गाडीत आता तीन माणसं उरली."

पुढच्या थांब्याला पुन्हा हेच, फक्त उतरणारं माणूस वेगळं. त्याच्या पुढच्या थांब्याला एक वाक्य कमी. शेवटी शेवटी कंडक्टरही बोलत नाही. माणसं कमी होतात, वाक्यं आखूड होतात, दोन वाक्यांमधली जागा वाढते. कुठल्याही थांब्यावर मुलाला झोप लागली तरी त्याचं काही बुडत नाही. उत्सुकता आहे, पण ती "आता कोण उतरेल?" एवढीच, आणि उत्तर चुकलं तरी बिघडत नाही.

या गोष्टीच्याही पहिल्या खर्ड्यात चुका होत्याच. एका बाईच्या पिशवीत शेवचिवडा होता. भाचीने रात्री साडेनऊला चिवडा मागितला. मग पिशवीत लोकरीचे गुंडे आले. गाडी पुलावरून जाते तिथे मी नदीचा खळखळाट घातला होता. ज्यांच्या घरी नुकतं लंगोट सुटलेलं मूल आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. पाण्याचा आवाज फार शांतवणारा असतो असं सगळीकडे वाचायला मिळतं. तो शांतवतो आणि शू पण आणतो. पावसाची लांबवरची रिपरिप चालते, नळ आणि ओढा चालत नाही.

गोष्टीत प्रश्न विचारू नयेत हे मी असंच ठेचकाळून शिकले. "तुम्हाला काय वाटतं, आजोबा कुठे निघाले असतील?" हा प्रश्न दिवसा उत्तम. रात्री मूल उठून बसतं आणि उत्तर देतं. "आता डोळे मिटा" ही आज्ञाही नको, काही मुलं ती ऐकताच डोळे उघडून खात्री करतात की मिटलेले नाहीत ना. त्यापेक्षा गोष्टीतल्या कुणालातरी जांभई येऊ द्यावी. माझ्या गाडीत मागच्या बाकावरचं मांजर जांभई देतं, मग ड्रायव्हरकाका स्टेअरिंग सोडून डोळे चोळतात, अशी मूळ ओळ होती. ताईने ती खोडायला लावली. बरोबरच होतं. गाडी चालवणारा माणूस पेंगायला लागला तर कुणाला झोप येईल?

आणि तात्पर्य नको. मराठी बालकथेला तात्पर्याची फार जुनी खोड आहे. पण तात्पर्य म्हणजे पुन्हा शाळा, पुन्हा मोठ्यांचा आवाज, "कळलं का?" त्याने मन जागं होतं. गोष्ट नुसती थांबू द्यावी.

चिऊताईचं दार

पुनरावृत्तीचं कौतुक आपल्या लोककथांना पुरेपूर कळलेलं होतं. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं. "चिऊताई, चिऊताई, दार उघड." "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे." मग पुन्हा दार, पुन्हा "थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे." नीट ऐकलं तर त्या ओळींत एक निजेचा क्रमच दडलेला आहे: अंघोळ, तीट, काजळ, दूध, थोपटणं. ऐकणारं मूल स्वतः त्याच क्रमातून नुकतं गेलेलं असतं. दार तेच, हाक तीच, उत्तर जवळपास तेच. लहान मूल तालावरच डोलायला लागतं. म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीत हीच सोय आहे, प्रत्येक जनावराला म्हातारी एकच उत्तर देते.

गोम शेवटात आहे. चिऊ-काऊच्या काही घरांतल्या पाठात कावळा तव्यावर चटका खाऊन उडून जातो. दिवसा मुलं खदखदून हसतात. दिवे गेल्यावर तोच चटका मोठा होतो. मी शेवट बदलला, काऊ चुलीपाशी पंख वाळवतो आणि तिथेच मान खाली घालतो. लोककथा कुणा एकाची नसते, तिला असं वळवायची मुभा पिढ्यान्‌पिढ्या आहे. भोपळ्याच्या गोष्टीला मात्र मी हात लावला नाही. "टुणुक टुणुक" म्हटलं की उडी मारल्याशिवाय राहवणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

नवे पॉडकास्ट करणारे रोज एक नवी गोष्ट द्यायच्या मागे लागतात आणि दोन महिन्यांत दमतात. त्याची गरज नाही. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवण्याचा प्रयोग झाला. त्याच त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या मुलांना त्यातले नवे शब्द जास्त लक्षात राहिले. तेच शब्द तितक्याच वेळा, पण वेगवेगळ्या गोष्टींत ऐकणारी मुलं मागे पडली. म्हणजे "तीच गोष्ट परत सांग" हा हट्ट नसून शहाणपणा आहे. बारा चांगल्या गोष्टी करा आणि त्या फिरवत राहा. न्यू जर्सी किंवा सिंगापूरमध्ये वाढणाऱ्या, मराठी फक्त घरात ऐकणाऱ्या मुलांना तर या फिरवण्याचा दुहेरी उपयोग. त्यांच्यासाठी शब्द सोपे करायची घाई करू नये. "फाटा", "मुक्काम", "घोंगडी" हे शब्द वीस वेळा कानावर पडले की आपोआप बसतात.

आवाज

वेग मोजून पाहा. इंग्रजीतल्या सल्ल्यांमध्ये मिनिटाला दीडशे शब्द हा साधारण बोलण्याचा वेग दिलेला असतो. तो आकडा मराठीला लावू नका. आपला "घरासमोरच्या" हा एक शब्द इंग्रजीत चार-पाच शब्द खातो. माझी नेहमीची बोलण्याची गती मिनिटाला ११० शब्दांच्या आसपास भरते. निजेच्या गोष्टीची सुरुवात मी ९० ने करते आणि शेवट ६० च्या खाली नेते. दहा मिनिटांच्या भागाला म्हणून साडेसातशे-आठशे शब्दांची गोष्ट पुरते. पहिल्यांदा सगळेच दुप्पट लिहितात.

कुजबुज टाळा. ती शांत वाटते, पण कुजबुज म्हणजे गुपित, आणि गुपितासाठी कान पुढे येतात. शिवाय माइकमध्ये ओठांचे, लाळेचे बारीक आवाज उठून दिसतात. कुशीतल्या मुलाशी बोलतो तसा, छातीतून येणारा साधा आवाज हवा. वाक्याचा शेवट खाली उतरू द्या. वाक्याच्या शेवटी सूर वर गेला की तो प्रश्न वाटतो. आवाज बदलायची हौस असेल तर दोन पात्रांपुरती ठेवा, आणि तीही वेगाने दाखवा, पट्टी बदलून नको. आणि आपल्या बोलीत बोला. पुस्तकी "म्हणाला" ऐवजी तुमच्या घरात "म्हनला" असेल, मालवणी हेल असेल, वऱ्हाडी असेल, तर तेच मुलाच्या कानाला घर वाटतं. आजी गोष्ट सांगत असतील तर त्यांना कागद देऊ नका. नुसतं रेकॉर्ड करा. त्या मध्येच थांबतात, विसरतात, मागे जातात, आणि ते सगळं कामाचं असतं.

मराठीचा एक खास त्रास आहे. आपल्याकडे भ, फ, ध, ख, ठ असे हवेचा झोत सोडणारे वर्ण ढिगाने आहेत. "भोपळा" माइकसमोर म्हणून बघा, धप्पकन आवाज येतो. माइक तोंडासमोर न धरता जरा बाजूला, गालाच्या रेषेत, एक वीतभर लांब ठेवला की झोत शेजारून निघून जातो. समोर कापडी जाळी लावली तर आणखी बरं.

जागेसाठी स्टुडिओ नको. साड्यांचं उघडं कपाट सगळ्यात चांगलं. भिंतीवर आपटून परत येणारा आवाज कापड पिऊन टाकतं. डोक्यावरून गोधडी घेऊनही काम होतं, उन्हाळ्यात हाल होतात एवढंच. पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढलेला (परत लावायला विसरू नका, माझं दोनदा दूध नासलंय), शेजारचा कुकर झालेला. आमच्या सोसायटीत पहाटे पाच ते साडेपाच ही एकच वेळ अशी मिळते. त्यानंतर कबुतरं. बोलायच्या आधी त्या खोलीची शांतता अर्धा मिनिट तशीच रेकॉर्ड करून ठेवा. चूक कापल्यावर मधली जागा त्या शांततेने भरायची असते. तिथे पूर्ण शून्य आवाज ठेवला तर कानाला खड्डा जाणवतो.

माइक कुठला घ्यावा यावर लोक तासन्‌तास बोलतात. हल्लीच्या फोनचा माइक सुरुवातीला पुरतो. पैसे घालायचेच तर घरातल्या गोंगाटात डायनॅमिक प्रकारचा माइक कंडेन्सरपेक्षा बरा, तो जवळचं ऐकतो आणि लांबचं कमी ऐकतो. कापाकापीला ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर भरपूर झालं.

पातळी सांभाळणं

हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण याच्यावर झोप अवलंबून आहे, म्हणून सावकाश बघू. ध्वनिफितीचा जोर मोजायचं एक माप आहे, एलयूएफएस. ते कानाला एकंदरीत किती मोठं लागतं ते सांगतं. शून्य म्हणजे डिजिटल आवाजाची कमाल मर्यादा, त्यामुळे आकडे नेहमी उणे असतात आणि जितके उणे तितका आवाज हळू. पॉडकास्टसाठी उणे १६ ही पातळी रूढ आहे. एकाच वाहिनीची, म्हणजे मोनो फाइल असेल तर उणे १९ ठेवतात. गोष्टीला मोनोच ठेवा. फाइलही लहान होते, ६४ केबीपीएसने (सेकंदाला ६४ किलोबिट या दराने) मिनिटाला साधारण अर्धा एमबी, म्हणजे दहा मिनिटांची गोष्ट पाच एमबीच्या आत.

निजेच्या गोष्टीत सरासरीपेक्षा चढउतार जास्त महत्त्वाचे. समजा तुम्ही काही वाक्यं फार हळू बोललात. आईला ती ऐकू येत नाहीत म्हणून ती फोनचा आवाज वाढवते. पुढच्याच वाक्यात "टिंग टिंग" जोरात आलं की पेंगणारं मूल दचकतं. म्हणून कंप्रेसर नावाची सोय वापरतात. ती मोठे आवाज दाबते, मग सगळंच एका पातळीला आणता येतं. ती थोडीशीच लावा, जास्त झाली तर आवाज रेडिओ जॉकीसारखा छातीवर येतो. माझ्या गोष्टीतली घंटी मी तोंडानेच म्हणते. खरी घंटी लावून पाहिली होती, पितळेचा टणत्कार कितीही हळू केला तरी टोचतो. स, श, च यांची धारही थोडी कमी करावी, वरच्या कंपनांचा जोर दोन-तीन डेसिबलने उतरवला की आवाज मऊ होतो.

संगीत लागेल तेवढंच. तंबोऱ्याची एक जोडी किंवा सहा मात्रांच्या दादऱ्याच्या चालीत हळू डोलणारं काहीतरी. पाळण्याच्या झोक्याला सहा मात्रा छान बसतात, बऱ्याच अंगाया त्या झोक्यावरच चालतात. पण लय मध्ये बदलू नका आणि शेवटी एकदम थांबवू नका. झोपेच्या उंबऱ्यावरचं मूल अचानक शांततेनेही जागं होतं. मी गोष्ट संपल्यावर तोच तंबोरा पूर्ण मिनिटभर विरत नेते.

मग येतात जाहिराती. तुमचा पॉडकास्ट ज्या सेवेवर आहे ती सेवा मध्येच आपोआप जाहिरात घुसवत असेल तर ते सेटिंग आधी बंद करा. सारं कपाट, पहाट आणि कंप्रेसर एका "आजच डाउनलोड करा!"ने वाया जातं. दुसरा चोर म्हणजे आपोआप सुरू होणारा पुढचा भाग. पालकांना दर भागाच्या वर्णनातच सांगा की ॲपमधला स्लीप टायमर "भाग संपेपर्यंत" यावर ठेवा. कानाला इअरफोन नको, फोन पलंगापासून दोन-तीन हात लांब, आवाज घरातल्या हळू बोलण्याइतका. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सुचवलेली सुरक्षित मर्यादा आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल अशी आहे. आपली गोष्ट त्याच्या कितीतरी खाली राहायला हवी.

कुणाची गोष्ट, कुणाचं नाव

लोककथा मोकळी आहे, पण एखाद्या लेखकाने ती आपल्या शब्दांत लिहिली असेल तर ते शब्द त्याचे. भारतातल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०११ पासून खुलं आहे. ताराबाई मोडक १९७३ मध्ये गेल्या, त्यांचं लेखन २०३३ संपेपर्यंत परवानगीशिवाय वापरता येणार नाही. परदेशी गोष्ट खुली असली तरी तिचा मराठी अनुवाद वेगळा धरला जातो. "आम्ही पैसे कमवत नाही" हे उत्तर कायद्याला पुरत नाही.

श्रोत्या मुलांची नावं घेऊन "शुभ रात्री" म्हणायची कल्पना गोड आहे. मी ती सोडून दिली. ज्या मुलाचं नाव भागात येतं, ते त्या रात्री झोपत नाही, हे एक. दुसरं, नाव, वय, गाव ही मुलाची वैयक्तिक माहिती आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरलंय, त्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. काहीच न गोळा करणं सगळ्यात सोपं.

प्रसारणाचं काम एका संध्याकाळी होतं. पॉडकास्ट हा शब्द २००४ मध्ये एका ब्रिटिश वर्तमानपत्रात पहिल्यांदा छापून आला, आणि त्यामागची यंत्रणा तेव्हापासून फारशी बदललेली नाही. तुमच्या ध्वनिफिती एका होस्टिंग सेवेवर ठेवायच्या. ती सेवा आरएसएस फीड नावाची एक यादी तयार करते: भागाचं नाव, तारीख, फाइल कुठे आहे. ॲपल, स्पॉटिफाय वगैरे ठिकाणी एकदाच त्या यादीचा पत्ता द्यायचा. नवा भाग आला की ती ॲप स्वतः यादी वाचून घेतात. मुखचित्र चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल, गडद रंगाचं असू द्या. रात्री अंधारात पांढरंशुभ्र चित्र पेटलं की काय होतं ते मघाशी बोललोच.

यातलं यश कसं मोजायचं, ते मला अजून नीट जमलेलं नाही. होस्टिंग सेवा दर आठवड्याला आलेख पाठवते. त्यात बहुतेक वेळा भाग शेवटपर्यंत वाजलेला दिसतो. अर्थात वाजणारच, फोनला कुठे झोप लागते. कुठल्या मिनिटाला खोलीतली माणसं गळाली ते आलेखाला कळत नाही. एकदा ताईने सांगितलं, सहाव्या मिनिटाला तीच झोपली होती आणि मुलीने तिच्या अंगावर पांघरूण घातलं.

भाचीने "मुक्कामी गाडी" आतापर्यंत निदान शंभरदा लावली असेल. परवा सकाळी दूध पिताना तिने मला विचारलं, "मावशी, मांजर कुठल्या स्टॉपला उतरतं?" मांजर उतरतच नाही. ते गाडीतच राहतं, मागच्या बाकावर, आणि गाडीचे दिवे जातात. तिथपर्यंत ती एकदाही पोचलेली नाही. मी तिला सांगितलं, आज रात्री ऐक.